तपानींची तयारी

विभावरीला फक्त एक फिनिश माणूस हवा होता. आता ऑकलंडात फिनिश माणसं मिळून मिळणार किती? होती नव्हती ती तिने केव्हाच वापरून संपवली होती, आणि वाचणाऱ्याची नजर टिपणारं ते भाड्याचं यंत्र सोमवारी परत जाणार होतं. एका वाचकापायी पीएचडी अडून बसली होती. शेवटी नवऱ्यानेच, रमणने, आपल्या ईस्ट टामाकीच्या ऑफिसातले तपानी नावाचे एक फिनिश गृहस्थ गाठून दिले.

शनिवारी तपानी यंत्रापुढे हनुवटी टेकवून बसले. फिनिश शब्द म्हणजे आपल्या 'घरातल्यांनासुद्धा'चे थोरले भाऊ, एकाला एक चिकटत लांबतच जातात. असला शब्द माणूस अख्खा गिळतो की तुकडे करून, एवढंच विभावरीला बघायचं होतं. त्यासाठी वाक्यं मात्र कोरी हवीत, वाचणाऱ्याने आधी कधीही न पाहिलेली.

तपानींची नजर कुठे अडेचना. हातभर लांबीचे शब्द ते सरसर वाचत सुटले. विभावरी मनातून हरखली.

"फारच छान वाचलंत," ती इंग्रजीत म्हणाली.

"सराव केला होता," तपानी शांतपणे म्हणाले. "फिनिश वाचून वर्षं झाली, मला धास्ती वाटत होती. रमणने वाक्यं पाठवली. म्हणाला, हेच येणार आहे."

म्हणजे विभावरीची वाक्यं कोरी राहिलीच नव्हती. गप्प बसली असती तर कुणाला काही कळलंही नसतं. तिने तपानींचे आभार मानले, त्यांना लिफ्टपर्यंत सोडलं आणि परत येऊन सगळी नोंद पुसून टाकली.

घरी रमण वाटच बघत होता. "काय, पास झाले का आमचे तपानी?"

"तू त्यांना वाक्यं पाठवलीस?"

"अगं, बिचारे टेन्शनमध्ये होते. फाइल तूच मला यंत्रावर लोड करायला दिली होतीस. परीक्षेच्या आधी आपण नाही का आयएमपी द्यायचो एकमेकांना?"

"ती परीक्षा नव्हती, रमण. किती वेळा सांगितलं तुला."

"बरं, उद्या परत घे. उद्या ते मोकळेच आहेत."

तिला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. एकदा वाचलेलं न वाचलेलं कसं करायचं? आणि नवी वाक्यं बनवायची तर ती तपासायला आणखी एक फिनिश माणूस आणायचा कुठून? हे सगळं तिने एका दमात ऐकवलं. रमणचा चेहरा पडला.

"चुकलंच माझं," तो म्हणाला. मग जरा वेळाने, चाचरत, "पण वाचलं छान ना त्यांनी?"

"खूप छान," विभावरी म्हणाली आणि तिला रडूच फुटलं.