डाळिंबी पट्ट्याचं विमान

"अजून," आई म्हणाली.

मी बाणाचं बटण दाबलं. टक.

"अजून. अजून. जरा थांब... अजून एक. बस. हाच डाळिंबी."

मी आकडा वहीत उतरवला आणि विमानाच्या अंगावर, नाकापासून शेपटीपर्यंत जाणाऱ्या पट्ट्यात तो रंग भरला. आकडा नेहमीपेक्षा वेगळा होता. पण त्याच आठवड्यात मी संगणकावर रंगकामाचं नवं सॉफ्टवेअर टाकलं होतं, त्यामुळे आकडेही बदलले असतील अशी मी स्वतःची समजूत घातली. आई "बस" म्हणाली की पुढे बोलणं संपलं, हा आमच्या घरचा आठ वर्षांचा कायदा होता.

हे काम नेमकं काय, ते कारखान्यातल्या लोकांना सांगून मी थकलोय. मी वाळूजच्या एका कारखान्यात गेटपास लिहितो. घरी आल्यावर संगणकावर विमानं रंगवतो. विमान उडवण्याचा एक खेळ असतो, अगदी खऱ्यासारखा. जगभरातली हौशी माणसं त्यात जुनी पंख्यांची विमानं उडवतात, आणि त्यांना ती जुन्या, बंद पडलेल्या कंपन्यांच्या रंगांत हवी असतात. शिंप्याने कापड बेतावं तसं विमानाचं अंग पडद्यावर सपाट पसरलेलं असतं, त्यावर पट्टे ओढायचे, नावं लिहायची आणि सगळ्यांसाठी फुकट ठेवून द्यायचं. कारखान्यातले विचारतात, मग मिळतं काय? काही मिळत नाही. मुकुंदवाडीच्या दोन खोल्यांत बसून मी विमानांच्या जवळ असतो, एवढंच मिळतं.

जवळच, कारण आत जाता आलं नाही. एकोणिसाव्या वर्षी मी एअरफोर्सच्या भरतीला गेलो. धावलो, लेखी पास झालो. मग डॉक्टरांनी ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं. मी छातीठोकपणे एकवीस वाचलं. तिथे चौऱ्याहत्तर होतं. लाल आणि हिरवा मला वेगळे दिसत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. डॉक्टर भले होते, त्यांनी समजावलं की यात कुणाचा दोष नाही, हे मुलाला आईकडून येतं.

यातलं "कुणाचा दोष नाही" मी तिथेच टाकून आलो. घरी येऊन आईला एवढंच म्हणालो, "तुझ्याकडून आलंय हे."

आई तेव्हा पैठणला विणकरांकडे रेशीम गुंडाळून कांड्या भरायची. रेशमाच्या शंभर छटा तिला नावानिशी ठाऊक होत्या. आवडाबाईने, म्हणजे माझ्या आईने, रंग सांगितला की मोठे विणकरही दुसऱ्यांदा बघत नसत. त्या बाईला मी हे ऐकवलं. ती तीन दिवस जेवली नाही, हे मला नंतर शेजारणीकडून कळलं. तेवीस वर्षं झाली, मी त्या वाक्याची माफी मागितलेली नाही. जीभ आवरायला शिकलो, पण वळवायला नाही.

वडील गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली. माझं लग्न जमलं नव्हतं, घरात आम्ही दोघंच. मी विमानं रंगवू लागलो तेव्हा ती आपणहून शेजारी स्टूल ओढून बसली. जुने फोटो पिवळे पडलेले असतात आणि संगणक त्या पिवळेपणासकट रंग सांगतो. मूळ रंग कुठला, हे शेवटी डोळ्यालाच विचारावं लागतं. आई पत्र्याच्या डबीतून रेशमाचे तुकडे काढून पडद्याला लावून बघायची. ह्यो मोरपंखी. ह्यो आमसुली, पण उन्हात राहिलेला. मी बटण दाबत जायचो, ती "बस" म्हणायची. माझ्या विमानांचे रंग अचूक असतात असं परदेशातली माणसं लिहायची. मी ते आईला वाचून दाखवायचो आणि ती पदराने उगाच डबी पुसायची.

तर ते डाळिंबी पट्ट्याचं विमान. कॅनडातल्या एका म्हाताऱ्याने मागितलं होतं. तो तरुणपणी त्या विमानाचा मेकॅनिक होता. कंपनी बुडाली, विमान भंगारात गेलं, त्याच्याजवळ एक विटलेला फोटो उरला होता आणि पट्टा डाळिंबाच्या रंगाचा होता एवढी आठवण. मी महिनाभर खपून काम केलं आणि पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं. काम फार सुंदर झालंय, असं लिहून पुढे त्याने अगदी संकोचाने विचारलं होतं की आमचा पट्टा लाल होता, तुमचा हिरवा का?

मला आधी म्हाताऱ्याचाच संशय आला. वय झालं, नीट दिसत नसेल. तरी दुपारच्या सुट्टीत टाइम ऑफिसमधल्या रूपालीला मोबाइलवर चित्र दाखवून पट्ट्याचा रंग विचारला.

"हिरवा ना," ती म्हणाली. "शेवाळ असतं तसला. का हो?"

मी घास डब्यात परत ठेवला.

रविवारी दुपारी खोलीत ऊन आलं होतं. नवं विमान काढलंय असं सांगून मी आईला हाक मारली. ती भिंतीला हात लावत आली आणि स्टूल चाचपून बसली. ती किती दिवसांपासून अशी चाचपून बसत होती? भाजीत दोनदा मीठ पडायचं. डबी तर वर्षभरात उघडली नव्हती, "आता धाग्याची गरज नाय, डोळा बसलाय," म्हणायची. आठ वर्षं आम्ही खांद्याला खांदा लावून पडद्याकडे बघत बसलो होतो. मी तिच्या तोंडाकडे एकदाही बघितलं नव्हतं.

मी हळूच संगणकाचा पडदा बंद केला. समोर नुसती काळी काच राहिली.

"आई, हा कुठला रंग?"

तिने मान जरा तिरकी केली, नेहमीसारखी. "केतकी," ती ठामपणे म्हणाली. "जरा फिका हाय. दोनदा दाब."

मी बटण दाबलं नाही. खोलीत आवाज आला नाही, तेव्हा तिला कळलं. तिने मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन वर्षं झाली आसतील. आधी कडंकडंनं गेलं."

"मग रंग कसे सांगायचीस?"

"रंगाचं नाव तू पत्रातनं वाचायचास. मग तुझी टकटक मोजायचे. डाळिंबीला बारा-तेरा, आंब्याला पंचवीस. पाठ झालं हुतं."

जुन्या सॉफ्टवेअरमधली रंगांची पट्टी लालापासून सुरू व्हायची, नव्यातली हिरव्यापासून. तिला ते दिसलं नाही आणि मला ते दिसणं शक्य नव्हतं.

मी ओरडलो. सांगितलं का नाहीस, डॉक्टर नव्हते का गावात, मी मेलो होतो का, असं तोंडाला येईल ते बोललो.

"तुझे डोळे मी घालवले," ती म्हणाली. "माझे तरी तुला पुरवावं म्हनलं. ते बी नाय म्हनून कसं सांगू?"

तेवीस वर्षं तिने माझं ते वाक्य असं जपून ठेवलं होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही, लपवायची गरजही नव्हती.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, उजव्या डोळ्यात थोडा उजेड उरलाय तेवढा थेंबांनी टिकवू, म्हणाले. दोन वर्षांपूर्वी आला असता तर, एवढं बोलून ते थांबले. मग कागद लिहिता लिहिता मला म्हणाले, तुम्हीही तपासून घ्या, हे रक्ताच्या नात्यात उतरू शकतं.

आईने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. "म्हंजी हे बी माझ्याकडूनच?"

"नाही आई," मी म्हणालो. "माझे डोळे चांगलेत."

आयुष्यात हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं. तिने माझा दंड धरला आणि रिक्षात बसेपर्यंत सोडला नाही.

पट्टा मी वहीतल्या जुन्या आकड्याने दुरुस्त केला. ती वही म्हणजे आईच्या चांगल्या दिवसांतले डोळे आहेत. कॅनडातल्या म्हाताऱ्याने लिहिलं की हेच आमचं विमान. मी आईला ते वाचून दाखवलं.

"चुकलेलं पुसलं व्हय?" तिने विचारलं.

"नाही. ठेवलंय."

"ते कशाला ठिवतो?"

खेळातल्या चिकलठाण्याच्या धावपट्टीजवळ मी दोन्ही विमानं शेजारीशेजारी उभी केली होती. आई स्टुलावर येऊन बसली, पडद्याकडे तोंड करून, मान जरा तिरकी.

"कोन कुठं हाय?"

मी फाइलींची नावं वाचली. "डावीकडं डाळिंबी. उजवीकडं शेवाळी, तुझं."

"लई फरक दिसत आसंल दोन्हीत," ती म्हणाली.

"लई," मी म्हणालो.

मला दोन्ही विमानं सारखीच दिसत होती.