हुल्डाचा जर्दाळू

माणसाला चढला तर दवाखान्यात नेतील एवढा ताप बाहेरच्या हवेला चढलेला गाडीच्या काट्यावर दिसत होता: एकशे सहा. चोवीस जुलैला, आमचे पूर्वज बैलगाड्या हाकत या मुलखात पोचले त्या दिवसाच्या सणाला, अमेरिकेतलं अख्खं युटा राज्य सावलीत बसून मिरवणुका बघत होतं. आणि आमचं कुटुंब दरीतल्या राष्ट्रीय उद्यानात चोरी करायला निघालं होतं. म्होरकी होती माझी आजी, आर्विला, वय वर्षं एकोणऐंशी.

दरीच्या तळाशी नदीकाठी जर्दाळूच्या बागा आहेत. त्यातलं एक झाड आजीच्या आईनं, हुल्डानं, कोय पुरून वाढवलेलं. आजी सोळा वर्षांची असताना उद्यानासाठी गाव उठवलं, घरं पाडली, बागा तेवढ्या ठेवल्या. आमच्या स्वयंपाकघराच्या जागी आता पर्यटकांचे संडास आहेत. फळं कुणीही तोडावीत. बागेत बसून खाल ती फुकट, बाहेर न्याल ती वजनावर. पण झाडाची काडीही बाहेर जाता कामा नये. आता हुल्डाचं झाड म्हातारं झालं म्हणून सोमवारी कापणार होते. त्या जातीचं दुसरं झाड कुठेच नाही. आजीनं दोनदा पत्र लिहिलं, की चार डोळकाड्या, म्हणजे कळ्यांचे डोळे असलेल्या काड्या द्या, मी घरी कलम करते. दोन्ही वेळा उत्तर आलं, नियमात बसत नाही.

"नियमात मी तरी कुठे बसते?" असं म्हणून आजीनं चाकूला धार लावली.

गाडी डेल्मरकाका चालवत होता. काका चर्चमध्ये मोठा मान असलेला माणूस, त्यामुळे सगळ्यांत जास्त घाम त्यालाच फुटलेला. "आई, पकडलं तर पेपरात नाव येईल गं."

"येऊ दे की. साठ वर्षं झाली, उद्यानानं गावाची म्हणून लावलेल्या पाटीवर आमच्यापैकी एकाही बाईचं नाव नाही. पेपरात तरी येईल."

बागेत मी झाडाखाली चादर धरून उभी राहिले, सावलीचं निमित्त करून. झाडाच्या बुंध्याला कापायची खूण म्हणून लाल फीत बांधली होती, आणि वर फळं अशी लगडलेली की मला त्या फितीचा संतापच आला. आजीनं हवी ती फांदी हातानं चाचपून शोधली, चार काड्या कापल्या, पानं खुडून देठ तेवढे ठेवले. ओल्या कागदात गुंडाळून त्या शीतपेटीत गेल्या, गाजर घातलेल्या हिरव्या जेलीच्या भांड्याखाली. ती जेली आमच्या घरात प्रत्येक सणाला असते आणि कुणीही ती हौसेनं खात नाही. तिच्याखाली कोण हात घालणार!

सगळा बेत चोख होता. फक्त एक गोष्ट आम्ही विसरलो. आमच्या घरातल्या थोरांना खोटं बोलता येत नाही. दर दोन वर्षांनी बिशपसमोर बसून 'तुम्ही व्यवहारात प्रामाणिक आहात का?' या प्रश्नाला हो म्हणायचं, तेव्हाच आमच्या पंथाच्या मंदिराचं दार उघडतं. मी चर्च सोडलेली, आमच्यात निषिद्ध असलेली कॉफी पिणारी बया. म्हणून खोटं बोलायला खिडकीशी मला बसवलं होतं.

बागेच्या फाटकाशी वजनकाट्यावर एक रेंजर बाई होती. चाळिशीची, छातीवर नाव लुहान. तिनं आमची टोपली तोलली आणि विचारलं, "फळांशिवाय आणखी काही नाही ना?"

"काही नाही," मी म्हणाले. मोठ्या सफाईनं म्हणाले.

मागून आवाज आला, "आहे."

काकानं कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं. मी वळून म्हटलं, "आजी! मी बोललेय ना?"

"तू बोललीस. माझ्या गाडीत बसून बोललीस, म्हणजे मीच बोलले." आजी खाली उतरली, शीतपेटी उघडली आणि जेली रेंजरच्या हातात दिली. "हे धर. खाली चार काड्या आहेत. माझ्या आईच्या झाडाच्या."

लुहानबाईनं काड्या पाहिल्या. तिला वाईट वाटलं असावं, पण तिनं नकारार्थी मान हलवली. "आजी, मला हे बाहेर जाऊ देता येत नाही. काड्या उद्यानातच राहतील."

"उद्यानातच?"

"हो. नियमच आहे तसा."

"बरं," आजी म्हणाली, आणि काड्या घेऊन परत बागेत चालू लागली.

आम्ही सगळे तिच्या मागे धावलो, रेंजर जेलीसकट. हुल्डाच्या झाडाशेजारी जाळीत उद्यानानं लावलेलं जर्दाळूचं एक नवं रोप उभं होतं, अंगठ्याएवढ्या जाडीचं. आजी तापल्या मातीत गुडघ्यांवर बसली, जाळी उचलली आणि रोपाच्या सालीवर चाकू टेकवला.

"आजी, थांबा! हेही चालत नाही. दंड होईल."

"लाव दंड. अटक कर. पण आधी वाच ना तुझा नियम. काड्या इथेच राहताहेत की नाही?"

उन्हात काड्या तासाभरात मेल्या असत्या. आजीनं सालीला छेद दिला, साल अलगद सुटली. काडीवरचा डोळा सालीसकट काढला. पण तो आत सरकवताना तिच्या बोटांत टिकेना. एकदा घसरला, मातीत पडला. दुसराही पडला. मी हात पुढे केला, तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी तो मागे घेतला. तिला साक्षीला घरचं कुणी नको होतं, उद्यानाचं माणूस हवं होतं.

"ए लुहान," ती म्हणाली. "बोट ठेव इथे. घट्ट."

बाई उभीच राहिली. फाटकाशी गाड्यांची रांग लागली होती, कुणीतरी हॉर्न वाजवत होतं.

"माझी आई इथेच गुडघे टेकून बसली होती," आजी म्हणाली. "तिला कुणी परवानगी विचारली नव्हती, आणि तिनंही कुणाला विचारली नाही. ठेव बोट."

लुहानबाईनं जेलीचं भांडं खाली ठेवलं. टोपी काढून आजीच्या डोक्यावर घातली, गुडघ्यांवर बसली आणि सालीवर बोट दाबलं. आजीनं तिसरा डोळा आत बसवला आणि रबराची पट्टी गुंडाळून गाठ मारली.

मग रेंजरनं दंडाचं पुस्तक काढलं. पेन कागदावर टेकवलं. आणि तिनं हळूच विचारलं, "पट्टी सोडायची कधी?"

"तीन आठवड्यांनी."

तिनं तारीख मोजली आणि पानावर फक्त तीच लिहिली, दंडाचा आकडा नाही.