अठ्ठेचाळीस हजारांत मावलेला सूर

जपानमधल्या योनेझावाच्या ‘आओगिरी’ या कॉफीच्या दुकानात बोलायला बंदी आहे. तिथे गाणं ऐकायचं, कॉफी हवी असेल तर यादीवर बोट ठेवायचं, आणि शिंक आलीच तर ती घरी नेऊन शिंकायची. कुणी कुजबुजलं की मालक कुरामोची त्याच्या बशीखाली चिठ्ठी सरकवतो. चिठ्ठीत एकच शब्द, ‘कृपया’. मला आजवर दोनशे चिठ्ठ्या मिळाल्या आहेत, त्यांतल्या दीडशे घोरल्याबद्दल.

मी कान्नो. वीज कंपनीत खांब रोवायचो. शेजाऱ्यांच्या फ्रिजची घरघर आपल्या विजेत मिसळते, असं कुरामोचीचं म्हणणं होतं. म्हणून त्याने फक्त आपल्या दुकानापुरता वेगळा खांब घेतला आणि तो मी रोवला. त्यावर बसणारे कावळे महिन्याभरात सुरात ओरडायला लागले. खोटं वाटत असेल तर माझ्या बायकोला विचारा. ती वारली, पण बाई सत्यवादी होती.

असा हा कुरामोची एका रविवारी पार रडकुंडीला आला, त्याची ही गोष्ट.

इगाराशी हात्सुए ही पंच्याऐंशी वर्षांची बाई दुसऱ्या दिवशी मुलाकडे साप्पोरोला जाणार होती, कायमची. बावीस वर्षांची असताना ती याच जागेत, कुरामोचीच्या वडिलांच्या वेळी, गायची. एका रात्री वरच्या सुरावर तिचा आवाज घसरला. गाणं संपवून ती मंचावरून उतरली, तिने लाँड्रीवाल्याशी लग्न केलं आणि पुन्हा कधी गायली नाही. त्या रात्रीची टेप वडिलांनी जपून ठेवली होती, पण ती ऐकायचं धाडस तिला झालं नव्हतं. आता जाता जाता ती कुरामोचीला त्याच्या लहानपणच्या नावाने म्हणाली होती, “तेत्सु-चान, एकदा ऐकव. किती घसरला होता ते कळू दे मला. नाहीतर ते ओझं साप्पोरोपर्यंत न्यावं लागेल.”

कुरामोचीने सेंदाईच्या एका जाणकाराकडून टेपची फाइल करून आणली. टेप इतकी जुनी की एकदा वाजली आणि तिचा भुगा झाला. म्हणजे उरली ती फाइलच. ती सर्व्हरवर चढवली, सर्व्हरमधून नेटवर्क प्लेयरला जाणार, आणि प्लेयरमधून कपाटाएवढ्या दोन स्पीकरांना. हात्सुए-सान तीनला येणार होत्या. एक वाजता कुरामोचीने चाचणी म्हणून फाइल लावली.

पडद्यावर सेकंद पुढे सरकू लागले. आवाज नाही. दुकानात सात गिऱ्हाइकं होती. एकही हललं नाही. इथे बोलायची बंदी, तेव्हा विचारणार कोण? प्रत्येकाला वाटलं, बाकीच्यांना ऐकू येतंय. चार मिनिटं सगळ्यांनी डोळे मिटून काहीच न वाजणं ऐकलं. टाय लावलेल्या एका गृहस्थाने तर डोळे पुसले.

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. तिथे बोलता येतं.

“मास्टर, तुमचा प्लेयर मुका झालाय.”

“मलाही तसंच वाटलं,” कुरामोची पुटपुटला. “पण माझेच कान गेले असतील म्हणून गप्प बसलो.”

त्याची बायको सुमिए कांदा चिरत होती. घरात कॉम्प्युटर तिलाच कळतो. हात पुसून तिने सर्व्हरच्या सेटिंगचं पान उघडलं. “अहो, हे काय? फॉरमॅट बदलायच्या सगळ्या ओळी बंद कुणी केल्या?”

“मी. जे आहे ते जसंच्या तसं जायला हवं. बदलणं म्हणजे चांगल्या दारूत पाणी घालणं.”

“फाइलमध्ये सेकंदाला आवाजाचे एक लाख ब्याण्णव हजार नमुने आहेत. तुमच्या वीस वर्षांच्या प्लेयरला अठ्ठेचाळीस हजारांच्या वर झेपत नाही. सर्व्हर बिचारा तयार आहे बदलून द्यायला, तुम्ही त्याचे हात बांधून ठेवलेत.”

“बाकीचं टाकून द्यायचं?”

“ते जे वरचं आहे ना, ते वटवाघळांना ऐकू येतं. आपल्याकडे वटवाघूळ येतं का गिऱ्हाईक म्हणून?”

“कान्नो-सान येतात,” कुरामोची म्हणाला. हा त्याचा विनोद होता. वर्षातून एक करतो.

“नाहीतर माझ्या फोनवर ऐकवा त्यांना,” सुमिए म्हणाली.

“फोनवर! साठ वर्षं वाट पाहून फोनवर! त्यापेक्षा मी शटर ओढतो.”

घड्याळात दोन वाजून गेले होते. कुरामोचीने डोळे मिटले, दात काढून घेताना मिटतात तसे. “करा.”

सुमिएने फॉरमॅट बदलायची ओळ चालू केली आणि आवाज न दाबता कच्चाच पाठवायला सांगितलं. फाइल लावली. स्पीकरांतून एक सुमो पैलवान विहिरीच्या तळाशी बसून अंगाई गातोय असा आवाज आला. कपबशा थरथरल्या. टायवाल्या गृहस्थाने पुन्हा डोळे पुसले.

“हात्सुए-सानना हे ऐकवलं तर त्या साप्पोरोला नाही, दवाखान्यात जातील,” मी म्हणालो.

कुरामोची फरशीवर बसला. “गेलं. आवाजच बदलून टाकलात तिचा.”

“उठा हो. फॉरमॅट बदलला, पण नमुने कमी करायला सांगायचं राहिलं. सर्व्हर एक लाख ब्याण्णव हजार नमुने ओततोय आणि प्लेयर ते अठ्ठेचाळीसच्या मापाने मोजतोय. म्हणून चौपट हळू.” तिने प्लेयरच्या नावापुढे कमाल मर्यादा अठ्ठेचाळीस हजार लिहिली, जतन केलं, आणि प्लेयर बंद करून परत चालू केला. तो जागा व्हायला दीड मिनिट घेतो. त्या दीड मिनिटात कुरामोचीचे उरलेले चार केस पांढरे झाले, हे मी स्वतः मोजून सांगतोय.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. हात्सुए-सान दहा मिनिटं आधीच आल्या होत्या.

आता चाचणी घ्यायची कशी? कुरामोचीने त्यांना स्पीकरांच्या बरोबर मध्ये बसवलं, कॉफी दिली आणि बटण दाबलं. मी श्वास धरला. तो इतका वेळ धरला की खिडकीवरचं बाष्प निघून गेलं.

पियानो वाजला. मागे ग्लासांची किणकिण. मग बावीस वर्षांची एक मुलगी गायला लागली, इतकी जवळ, की मी माझे पाय खुर्चीखाली घेतले. कुरामोचीच्या खांद्यांवरून साठ किलो उतरल्यासारखं झालं.

गाणं वर चढत गेलं. हात्सुए-सानांनी टेबलाची कड घट्ट धरली. वरचा सूर आला आणि आवाज घसरला. पापणी लवावी इतकाच. मग परत सावरला, गाणं पुढे चाललं.

कुरामोची धावत जाऊन कमरेत वाकला. भर दुकानात बोलला! “हात्सुए-सान, माफ करा. ती चूक तुमची नाही. फॉरमॅट बदलताना झालं असेल. माझ्या प्लेयरला झेपत नव्हतं म्हणून...”

“तेत्सु-चान, गप्प बस!” म्हातारी ओरडली. “माझी चूक यंत्राच्या नावावर टाकतोस? ती माझी आहे.” आणि ती हसायला लागली. पोट धरून, खोकत, अगदी रुमाल तोंडाशी लावून. “एवढीच? एवढ्याशा चुकीसाठी मी साठ वर्षं न्हाणीघरातसुद्धा गायले नाही? मला वाटलं होतं छप्पर कोसळलं!”

बशीखाली चिठ्ठी सरकवायला कुणी गेलं नाही. सातही गिऱ्हाइकं तिच्याकडे बघत होती.

“पुन्हा लाव,” ती म्हणाली. “ती घसरलेली जागा. मी सोबत गाते.”