सहा खून वगळून

मी एक चित्रपट बोलतोय. कसला, ते मात्र विचारू नका, कारण तिथेच सगळा घोळ आहे.

जन्माने मी टोळीयुद्धाचा. सहा रिळांत सहा खून, आणि शेवटी टोळीचा म्होरक्या व शत्रूची बहीण एकमेकांच्या मिठीत एकाच गोळीने मरतात. लोक मला बघून खुर्चीला घट्ट धरायचे. मला त्याची घमेंड होती.

फिरत फिरत मी एका लहानशा थिएटरात आलो. तिथला ऑपरेटर प्रोजेक्टरशी तासन्‌तास बोलायचा, पण तिकीट खिडकीवरच्या बाई दिसल्या की त्याची बोबडी वळायची. तरी दोन वर्षं तो अडखळत त्यांना सिनेमा बघायला बोलवत होता.

"रक्त दिसलं की मला गरगरतं," त्या म्हणायच्या. "हलकाफुलका आला की सांगा, येईन."

आता त्या नोकरी सोडून शनिवारी बहिणीच्या गावी जाणार होत्या. ऑपरेटरने धीर करून सांगून टाकलं, "शुक्रवारी सकाळी हलकाफुलका लावतोय. याल?" आणि त्याच्याकडे होतो फक्त मी.

त्याने कात्री घेतली. एकेक खून कापून बिस्किटांच्या डब्यात टाकला आणि मला चिकटपट्टीने जोडलं. माझं मलाच कळेना काय चाललंय. म्होरक्या फुलांच्या गुच्छात पिस्तूल लपवतो; आता नुसता गुच्छच उरला. शत्रूच्या बहिणीच्या घराखाली दबा धरून बसलेले माझे सहा गुंड दार वाजवायला लाजणारे मित्र वाटू लागले. "उद्यापर्यंत उत्तर दे" ही धमकी होती हो! शुक्रवारी सकाळी रिकाम्या थिएटरात बाई एकट्याच बसल्या होत्या, आणि त्या खळखळून हसल्या. मी शरमेने अर्धमेला झालो. पण खरं सांगू? बरंही वाटलं.

शेवटची मिठी आली. गोळी सुटायच्या आधीच त्याने कापलं होतं. पण फिल्मवर आवाज चित्राच्या थोडा पुढे छापलेला असतो, आणि गडबडीत तो हेच विसरला; गोळीचा आवाज मिठीच्याच तुकड्यावर राहून गेला. मिठी संपली, 'समाप्त' आलं आणि त्यावर ठो!

ऑपरेटरचं तोंड पांढरं पडलं. बाई जिना चढून वर त्याच्या खोलीत आल्या.

"तो आवाज कसला?"

"दार... दार आपटलं असेल."

"हा सिनेमा लागून तीन आठवडे झाले, रोज खिडकीवर बसलेय मी. बाहेर पडणारा प्रत्येकजण शेवट सांगत जातो. दोघंही मरतात." मग त्यांनी बिस्किटांचा डबा उघडून पाहिला आणि झाकण घट्ट लावलं. "बरं. दार असेल."

शनिवारी त्या गेल्या नाहीत.

वितरकाने मला परत मागितलंच नाही. थिएटर बंद पडलं, तेव्हा ऑपरेटर मला घरी घेऊन आला. आता मी त्या दोघांच्या कपाटात आहे, शेजारी तो डबा. मी भयंकर आहे की गमतीचा, मला अजून उमगलेलं नाही. घरात कुठे दार आपटलं की दोघंही हसतात.

मला पुन्हा कोणी लावलंच, तर डब्यातले तुकडे जोडू नका. तो शेवटचा आवाज मात्र राहू द्या.