कोरड्या बोडीचं नाव

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. नगरपंचायतीच्या कपाटात, अगदी खालच्या खणात, एका बिघडलेल्या स्टेपलरशेजारी माझा मुक्काम असतो. काचेला तडा गेलाय आणि माझा चार्जर कुणीतरी घरी नेला तो नेलाच. पण माझेही दिवस होते!

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते रंजीताच्या हातात. ती बल्लारपूरची, पाहणी करणारी मुलगी. चामोर्शीच्या वाटेवरच्या या गावात नवी नगरपंचायत झाली होती आणि पुढे रस्ते कुठे, शाळा कुठे, घरं कुठे याचा आराखडा करायचा होता. उपग्रहाने टिपलेलं अख्खं गाव माझ्या पोटात होतं. रंजीता मला ओढणीत गुंडाळून गल्लोगल्ली फिरे, लोकांना विचारी आणि बोटाने त्या त्या जागेत रंग भरी. साहेब म्हणत, "वर्षाचं काम दोन महिन्यांत!" मी फुगून जाई. गर्वाचं घर खाली असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मे महिन्यात आम्ही ढिवर मोहल्ल्यामागे, म्हणजे मासेमारांच्या वस्तीमागे गेलो. एका दारात रुखमाबाई नावाची म्हातारी जाळं सांधत बसली होती. समोरच्या भेगाळलेल्या जमिनीकडे बोट दाखवून रंजीताने विचारलं, "बाई, इथी काय हाय?"

रुखमाबाईने जीभ चावली, मान फिरवली आणि जाळं उचलून घरात गेली. रंजीताने दोन हाका मारल्या. ऊन मी म्हणत होतं. माझ्या पोटातलं चित्रही उन्हाळ्यातलंच, तिथे नुसती पांढरी माती. तिने 'रिकामी जागा' यावर बोट टेकवलं आणि मीही निमूट लिहून घेतलं.

नकाशा कचेरीच्या भिंतीवर लागला. लोक आले, जो तो आपलं घर शोधून निघून गेला. रुखमाबाईचा दीर मनसाराम तेवढा उभा राहिला. मोहल्ल्यामागच्या जागेवर पिवळा रंग होता, आणि पिवळा म्हणजे घरांचे प्लॉट. ती जागा रिकामी नव्हतीच मुळी! ती बोडी होती, पावसाळ्यात भरणारा लहान तलाव. मोहल्ल्यातली वीस घरं तिच्यातल्या मासोळीवर जगत होती. मनसारामने घरी जाऊन सांगितलं, "वयनी, आपल्या तिथी प्लॉट पाडून राह्यले." हरकत नोंदवायला एकच दिवस उरला होता.

दुसऱ्या दिवशी रुखमाबाई कचेरीत आली. "पोरी, तुनं आमचं पोटच पुसलं."

रंजीताचा चेहरा उतरला. "पन बाई, मी विचारलं तवा काऊन नाई सांगतलं?"

"कोरडी असली का तिचं नाव घेत नाई आमच्या घरी. नाव घेतलं का पानी रुसते. माही सासू सांगे."

"नाव नाई लिवलं त हरकत कशी होईन, बाई?"

रुखमाबाईने पदराचं टोक चुरगळून कमरेला खोचलं. मग म्हणाली, "लिव. सिंगाड्याची बोडी." तिचे डोळे भरून आले. "पानी रुसलं त मनवीन त्याले. जागाच गेली त कोनाले मनवू?"

मित्रांनो, त्या क्षणी मला माझीच लाज वाटली.

लगेच दोघी तिकडे गेल्या. रुखमाबाई अनवाणी पुढे चालली, "भरल्यावर इथवर येते," असं सांगत. ती थांबे तिथे रंजीता माझ्यावर बिंदू लावी. मग तिने भादव्यातलं जुनं उपग्रहचित्र मागवून माझ्यात उघडलं. एकूण एक बिंदू पाण्याच्या काठावर बसला! हरकत मान्य झाली आणि नकाशावर बोडी निळी झाली, म्हणजे पाण्याची जागा ठरली.

त्या वर्षी पाऊस तीन आठवडे उशिरा आला. सगळ्या मुलखातच आला, पण रुखमाबाईला ते पटेना; आपण नाव घेतलं म्हणूनच पाणी रुसलं, असं तिला वाटे. ती रोज आभाळाला हात जोडत कचेरीत यायची आणि विचारायची, "निळीच हाय ना?" रंजीता मला तिच्यापुढे धरायची. शेवटी बोडी भरली, तिच्यात मासोळीचं बी, म्हणजे इवली पिल्लं सोडायची वेळ झाली, तेव्हा कुठे तिचं येणं थांबलं.

मित्रांनो, माझ्यासारखं यंत्र हाती आलं तर त्याची काच जपा. पण त्याला सगळं कळतं असं समजू नका. कुणी उत्तर न देता घरात गेलं, तर त्याच्या दाराशी जरा थांबा, पुन्हा विचारा. त्या दिवशी आम्ही थोडं थांबलो असतो, तर नाव न घेताही बोडी नकाशात आली असती, आणि तीन आठवडे ती म्हातारी आभाळाची माफी मागत बसली नसती.