चार पंखांची माशी

"दोनच!" असं म्हणत नातीने चाचणीचा कागद आजोबांच्या ताटाशेजारी आपटला. "मी मोजलेत. खिडकीत मेलेली सापडली, ती कागदावर घेऊन मोजले. दोन पंख! तरी बाईंनी फुली मारली."

आजोबांनी चष्मा वर सरकवला. प्रश्न पाचवा, माशीला किती पंख असतात? खाली नातीचं गोल अक्षर, 'दोन'. त्यावर लाल फुली.

"मग असतील चार. बाई कशाला चुकतील?"

"बाईंनी व्हरांड्यातल्या भिंतीकडे बोट दाखवलं. तुम्ही काढलेल्या माशीकडे. सगळा वर्ग हसला मला. म्हणे, घरचीच माशी हिला मोजता येत नाही." तिचे ओठ थरथरायला लागले. "आजोबा, तुम्ही कधी माशी बघितलीच नव्हती का?"

आता हे आजोबा म्हणजे कोण, तर सगळ्यांचे पेंटरकाका. दुकानांच्या पाट्या त्यांच्या, दवाखान्यांच्या पाट्या त्यांच्या, आणि तीस वर्षांत त्रेसष्ट शाळांच्या भिंतीही त्यांच्याच. फुलाचे भाग, सूर्यमाला, माणसाचं हृदय आणि माशी. सरळ रेघ ओढायला पट्टी लागायची नाही असा हात. आणि स्वभाव? नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. एकदा एक दुकानदार 'अ' जरा तिरका वाटतोय म्हणाला, तर पठ्ठ्याने अख्खी पाटी खरवडली आणि शिडी खांद्यावर टाकून घरी आला. असा माणूस चौथीतल्या पोरीच्या प्रश्नावर हातातला घास ताटात ठेवून तो कागद पुन्हा वाचायला लागला.

"जेवा हो आधी," आजी म्हणाली. "पोर आहे. विसरेल उद्या."

पोर कसली विसरते! घरात तिला वकीलबाई म्हणायचे ते काही उगाच नाही. संध्याकाळभर ती आजोबांशी एक अक्षर बोलली नाही. ते म्हाताऱ्याला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. आजोबांनी बशीत चिमूटभर साखर घेतली, खिडकीत ठेवली आणि बारीक अक्षरं रंगवताना वापरायचं भिंग घेऊन बसले. एरवी नको तेव्हा घोंघावत येणाऱ्या माश्या, आज आमंत्रण दिलं तर एक येईल तर शपथ! आजी येता-जाता बघत होती.

"जन्मभर नाकावर माशी बसू दिली नाहीत, आणि आता माशीलाच नाक लावून बसलात?"

"हळू बोल. उडेल ती."

आलीच होती एक. आधी साखरेवर चालली. पायांनीच चव बघते ती, हे आजोबांना कुठे ठाऊक होतं? मग सोंड खाली सोडली, साखरेवर लाळ टाकली, साखर विरघळू दिली आणि ते पाणी ओढून घेतलं. माशीला दात नाहीत, घट्ट काही खाता येत नाही. मग पुढचे दोन पाय एकमेकांवर चोळले, डोकं पुसलं, मागच्या पायांनी पंख झाडले. आजोबांनी हलकेच काचेचा पेला उपडा घातला आणि भिंग टेकवलं.

पंख दोन. आणि त्या पंखांच्या मागे, दोन्ही बाजूंना एकेक, भिंगातून टाचणीच्या डोक्याएवढे दिसणारे पांढरट गोळे.

हे गोळे आजोबांनी आधी कुठेतरी पाहिले होते.

माळ्यावरच्या ट्रंकेतून नमुन्यांची वही निघाली. तिच्यात तीस वर्षांपूर्वी चिकटवलेलं माशीचं छापील चित्र, आणि त्यात तेच दोन गोळे, स्पष्ट. तेव्हा ते तिशीतले, हाताची गुर्मी. त्यांना वाटलं, छपाईत पंख फिसकटलेत. फुलपाखराला चार, मधमाशीला चार, मग हिलाच दोन कसे? म्हणून त्यांनी आपल्या अकलेने त्या गोळ्यांचे पंख करून टाकले. पुढे प्रत्येक भिंतीवर स्वतःचीच चूक उतरवत गेले, मक्षिकास्थाने मक्षिका! चित्राखाली बारीक अक्षरांत लिहिलंही होतं, की माशी पायांनी चव घेते, तिचे मागचे पंख आखडून असे गोळे झाले आहेत आणि उडताना ते तिचा तोल सांभाळतात. पण पेंटर माणूस, चित्र बघितलं की झालं. खालचं कोण वाचतो!

"आता कुणाला कळतंय?" आजी हळूच म्हणाली. "त्रेसष्ट ठिकाणी जाऊन आपलं हसं करून घ्यायचं का? वयाला तरी शोभेल का?"

"तिचं हसं झालंच की," आजोबा म्हणाले. "माझ्यापायी."

सोमवारी ते रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन शाळेत गेले. बाईंनी चौथीचा वर्ग व्हरांड्यात आणून बसवला. नात मागच्या ओळीत, मान खाली घालून.

"मुलांनो, ही माशी चुकलेली आहे," पेंटरकाका भिंतीकडे वळून म्हणाले. "माशीला दोनच पंख. चार मी काढले. न बघता काढले. तुमच्या वर्गातल्या एका मुलीने बघितलं, मोजलं, आणि तिचं बरोबर आहे."

मग पुढचा एक पोरगा म्हणाला, "मग तुम्हाला शून्य मार्क?"

"शून्यच, बाबा. मोठ्ठं शून्य."

सगळे हसले, आजोबाही हसले, आणि छातीवरचं ओझं जरा उतरलं. मग त्यांनी रविवारी पाहिलेलं आणि वाचलेलं सगळं सांगितलं. पायांनी चव घेणं, लाळ टाकणं.

"ई! आपल्या जेवणावरपण?" एक मुलगी ओरडली.

"अगदी! आणि येते कुठून? उकिरड्यावरून, पाय न धुता. म्हणून ताटावर झाकण हवं."

"बारीक माशी म्हणजे पिल्लू का हो?" आणखी एकाने विचारलं.

"तसं नसतं," बाईच उठून म्हणाल्या. "घाणीत अंडी, त्यांतून अळ्या, मग कोष, आणि कोषातून पुरी वाढलेली माशी. पंख फुटल्यावर ती वाढत नाही. हे मी शिकवते दरवर्षी, पण पंख मीही मोजले नव्हते." त्यांनी नातीचा कागद मागून घेतला, फुलीवर रेघ मारली आणि बरोबरची खूण केली. नातीने मान वर केली.

आजोबांनी भिंतीच्या पिवळ्या रंगाने मागचे दोन पंख बुजवले, त्या जागी दोन पांढरे ठिपके दिले आणि दोन पावलं मागे सरकून पाहिलं. पिवळ्याखालून जुने पंख अजून पुसट दिसत होते. त्यांच्या कपाळाला आठी पडली. असलं अर्धवट काम त्यांनी जन्मात सोडलं नव्हतं.

"दुसरा हात मारावा लागेल," ते पुटपुटले आणि त्यांनी डब्यात ब्रश बुडवला.

एक हात त्यांच्या कोपराला लागला. नात केव्हाच ओळ सोडून शेजारी येऊन उभी राहिली होती. शनिवारनंतर ती पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलली.

"असू द्या ना, आजोबा. दिसू दे."

"अगं, चूक दिसते ती."

"हो. आणि सुधारलेलीपण दिसते."

आजोबांनी ब्रश डब्याच्या काठावर निथळवला, बारीक ब्रश घेतला आणि ते दोन्ही पुसट पंख तसेच दिसत ठेवून खाली आपली सही केली.