वर राहिलेलं दार

कारखान्यात तिला सगळे वहिनी म्हणायचे आणि याला कारण तिचा नवरा. रंगखात्यात तो तिच्या आधीपासून होता, सगळ्यांचा दादा. ती दारांच्या विभागात लागली त्या पहिल्याच दिवशी कुणीतरी हाक मारली, "वहिनी, तेवढा पाना द्या." झालं, नाव चिकटलं. आता निवृत्तीला टेकलेले, तिच्या वडिलांच्या वयाचे लोकही तिला वहिनी म्हणत, मोठे साहेबसुद्धा. नवऱ्याचं दादापण मात्र कधीच गळून पडलं. तो नुसता रंगारी उरला. घरी त्याची आईसुद्धा रागावली की त्याला रंगारी म्हणे.

त्या सकाळी आई रागावलेलीच होती.

"रंगारी, चहा निवतोय," सासूबाई म्हणाल्या. "बंदरावर दुसऱ्यांदा कोण गरम करून देणार आहे, ते बघून ठेव."

"अजून गेलो नाही मी, आई."

"नाही म्हणालास का त्यांना?"

रंगाऱ्याने कप बाजूला सरकवला. बंदरावर बाहेरच्या देशांतून तयार गाड्या यायच्या. त्या जहाजातून उतरवून आवारात रांगेने लावायचं काम त्याला मिळत होतं. दिवसभर नव्या कोऱ्या गाड्या चालवायच्या, पण फाटकाबाहेर एकही न्यायची नाही. बंदर दूर, म्हणजे तिथेच खोली घेऊन राहायचं आणि सुटी मिळेल तसं घरी यायचं. आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

चहा तसाच ठेवून तो पेचकस घेऊन बाहेरच्या दारापाशी उकिडवा बसला. घराचं ते दार वर्षानुवर्षं फरशीला घासत होतं. लावताना खालून गुडघ्याने उचलावं लागे. गाड्यांची दारं लावून पोट भरणाऱ्या बाईच्या घरचं दार लागत नाही, यावर सासूबाईंनी शेजारणींना पुष्कळ हसवलं होतं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

"जायच्या आधी एवढं नीट करून जातो," तो म्हणाला.

ज्या कामासाठी सांगून सांगून वहिनीची जीभ झिजली, ते करायला तो आज आपणहून बसला होता आणि तिला ते बघवेना. तिने त्याच्या हातातून पेचकस काढून घेतला.

"राहू द्या. त्या बाई येऊन जाऊ देत, मग बघू."

बाई म्हणजे उद्योगखात्याच्या अधिकारी. देशातला हा जुना मोटारींचा कारखाना गेली काही वर्षं धापा टाकत होता. बाहेरून विजेवर चालणाऱ्या स्वस्त गाड्या यायला लागल्या आणि इथलं गिऱ्हाईक आटलं. कारखान्याने कंबर कसून स्वतःची विजेची गाडी काढली, पण ती बाजारात तगायची तर सरकारचा हात पाठीवर हवा होता. सरकारने नवं धोरण आणलं. जो गाडी खरोखर देशात बनवेल त्याला मदत. जो बाहेरून भागांच्या पेट्या आणून इथे नुसते बोल्ट आवळेल त्याला काही नाही. कागदावर काय, सगळेच बनवत होते. म्हणून बाई आज स्वतः बघायला येणार होत्या. त्यांचं मत विरुद्ध पडलं की फाटकाला टाळं, हे शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

"सरकारचं काय सांगतेस," रंगारी उठत म्हणाला. "उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं."

"या बाई उतरून येतायत ना खाली? मग येऊ देत की."

"तुमचे उंट आणि शेळ्या बाहेर बांधा," सासूबाई म्हणाल्या. "आणि चहा घ्या."

गाडीचं दार लावणं बघायला सोपं वाटतं. बिजागऱ्यांचे बोल्ट आवळले की झालं! पण पत्र्याचं दार रिकामं असतं तेव्हा हलकं असतं. पुढे त्यात काच बसते, काच वरखाली करणारी मोटर बसते आणि त्या वजनाने दार खाली येतं. म्हणून वहिनी आणि तिची माणसं बोल्ट आवळताना गुडघ्याने दाराला खालून उचल देत आणि ते नाण्याच्या जाडीएवढं वरच लावत. नवा माणूस घाबरून सांगायला येई की दार वर राहिलंय. त्याला सगळे एकच उत्तर देत, "बसेल." आणि दार बसायचंही. या शब्दाची कारखान्याला इतकी सवय होती की यंत्र कुरकुरलं, छत गळलं, कुणाच्या घरी नव्या सुनेचं सासूशी जमेना, तरी लोक तेच म्हणत.

नव्या गाडीचं दार मात्र हलक्या धातूचं होतं. बॅटरीच जड, तेव्हा बाकीची गाडी हलकी करणं भाग होतं. ही दारं पत्रा दाबून घडवणाऱ्या प्रेसमधून उशिरा निघाली आणि बाईंची तारीख तर आधीच ठरलेली. आदल्या दिवशी सगळा विभाग मान मोडून दारं लावत होता. काम आटोपल्यावर तपासणीवाला रांगेवरून फिरला.

"वर दिसतायत, वहिनी."

"बसतील."

त्याने मान डोलावली आणि दिवे मालवले. काचा आणि मोटरी बसल्या त्या सकाळी, बाई यायच्या जेमतेम आधी, आणि रेघ पुन्हा बघायला कुणाला सवड मिळाली नाही.

बाई आल्या त्या सपाट चपला घालून, हात मोकळे. साहेबांनी दिलेला फुलांचा गुच्छ त्यांनी पहारेकऱ्याकडे सांभाळायला दिला आणि सरळ प्रेसच्या विभागात शिरल्या. नेमके त्याच दिवशी प्रेस बंद होते.

"साचे बदलतोय, मॅडम," साहेब म्हणाले. "उद्या चालू होतील."

"गेल्या महिन्यात एका कारखान्यात गेले होते मी," बाई म्हणाल्या. "तिथलेही प्रेस उद्याच चालू होणार होते. आत डोकावले तर कोळ्यांनी जाळी विणलेली. गाड्या मागच्या फाटकाने पेट्यांतून येत होत्या."

साहेब हसले. एकटेच हसले.

मग बाई नव्या गाड्यांच्या रांगेपाशी आल्या. पहिल्या गाडीचं दार त्यांनी उघडलं, आत बसल्या, बाहेर आल्या आणि दार लोटलं. दार खटक्यावर आपटून परत आलं. त्यांनी पुन्हा लोटलं, जरा जोरात. पुन्हा परत. तिसऱ्यांदा आदळलं तेव्हा लागलं, पण कडेचा रंग उडाला आणि दाराची रेघ शेजारच्या पत्र्याच्या रेघेपेक्षा वर राहिली ती राहिलीच. बाई दुसऱ्या गाडीकडे गेल्या. तेच. तिसरीकडे गेल्या. तेच.

वहिनी खांबाशी उभी राहून बघत होती. दुसरी गाडी होईपर्यंत तिला सगळं कळून चुकलं होतं. दारं बसली नव्हती, कारण बसायला त्यांच्यात वजनच नव्हतं. सगळ्यांच्या गुडघ्यांनी जुन्या गाडीची दारं नव्या गाडीला लावली होती, आणि 'बसतील' म्हणणारी ती स्वतःच होती.

साहेब माणूस वाईट नव्हते. पण घाबरलेल्या माणसाची अक्कल आधी पळते आणि पाय मागाहून.

"मॅडम, या खेपेची दारं," ते घाईने म्हणाले, "ती आम्ही बाहेरून जुळवून आणली. पुरवठादाराची चूक आहे. त्याला आम्ही सोडणार नाही."

बाई थांबल्या. "म्हणजे दारं इथे होत नाहीत?"

साहेब कारखान्याचं नाक वाचवायला गेले आणि कारखान्याचा गळाच पुढे केला. त्यांनी मागे उभ्या माणसांकडे बघितलं. सगळ्यांचे डोळे जमिनीवर. झाकली मूठ सव्वा लाखाची, असंच जो तो मनात म्हणत असणार.

वहिनीलाही गप्प राहावंसं वाटलं. बोललं तर चूक आपल्या डोक्यावर, आणि ज्या कारखान्याला स्वतःचं दार लावता येत नाही त्याला सरकार कशाला पोसेल? पण मग तिला स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवलेला पेचकस आठवला. टाळं लागायचंच असेल तर निदान खोट्याने लागायला नको. ती पुढे झाली.

"साहेब, चुकलं तुमचं," ती म्हणाली. "बाई, दारं इथलीच आहेत. याच प्रेसमधली. लावली आम्ही, आणि चुकीची लावली."

साहेबांनी डोळे मिटून घेतले.

"चूक कशी झाली?" बाईंनी विचारलं.

वहिनीने त्यांना शेजारच्या जुन्या गाड्यांच्या रांगेपाशी नेलं. एका गाडीला काच नसलेलं दार होतं, वर राहिलेलं. पुढच्या गाडीला काच बसवून झाली होती आणि तिच्या दाराची रेघ सरळ होती. वहिनीने गुडघ्याची उचल दाखवली, नाण्याची जाडी सांगितली, नवं दार हलकं आहे हेही सांगितलं. "ते खाली येणारच नव्हतं. डोक्याला माहीत होतं, बाई. गुडघ्याला कुणी सांगितलंच नाही."

मागे कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं.

बाई हसल्या नाहीत. नव्या रांगेकडे परत जाऊन त्या एकेका दाराच्या रेघेवरून बोट फिरवत गेल्या. सगळी दारं वर, सगळी सारखीच वर. शेवटच्या गाडीपाशी त्या वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा सैल झाला होता.

"त्या दुसऱ्या कारखान्यात दारं सुरेख लागत होती," त्या म्हणाल्या. "पेटीतून आलेली दारं चांगलीच लागणार. ही चूक पेटीतून येत नाही. ती करायला आधी माणसाने दुसरी गाडी वर्षानुवर्षं बनवलेली असावी लागते." मग त्या बाजूला सरकल्या. "आता एक नीट करून दाखवा."

उडालेला रंग भरायला रंगारी आधीच बोलावला गेला होता. लहान डबा आणि बारीक कुंचला घेऊन तो गाडीच्या दाराखालच्या उंबऱ्यापाशी उकिडवा बसला. वहिनीने बोल्ट सैल केले, दार खाली घेतलं, आवळायला पाना लावला, आणि तिचा गुडघा मुकाट्याने वर आला. दार पुन्हा वर. तिने सैल केलं, पुन्हा लावलं. गुडघा पुन्हा हजर. सरकारपुढे एक वेळ खोटं बोलता येईल, पण गुडघ्यापुढे कुणाचं काय चालणार?

"अहो," ती दबक्या आवाजात म्हणाली, "असे इकडे सरका."

"कुठे?"

"माझ्या गुडघ्याच्या आड. खांदा दाराखाली नाही, पुढे. हां. आता हलू नका."

रंगारी तिथे बसला, कुंचला हवेत धरून. गुडघा वर आला, त्याच्या खांद्याला टेकला आणि तिथेच थांबला. वहिनीने बोल्ट आवळले, पाना खाली ठेवला आणि दोन बोटांनी दार लोटलं. खट्. बारीकसा, भरलेला आवाज. रेघेला रेघ जुळली.

तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. तपासणीवाल्याने तर खांबाला टेकून चक्क डोळे पुसले.

"बॅटरी?" बाईंनी साहेबांना विचारलं.

साहेब आधी इकडेतिकडे बघू लागले. पण एकदा उघडी पडलेली मूठ परत काय झाकायची! "बाहेरची आहे, मॅडम. इथे करायला अजून वेळ लागेल."

"लागू दे. धोरणात तिला मुदत दिलेली आहे, वाचलं असतंत तर दिसलं असतं. निकाल वरून यायचा आहे, पण माझं मत मी लपवत नाही. ही गाडी इथे बनते." निघताना त्या वहिनीपाशी थांबल्या. "बाकीची दारं कधी नीट होतील?"

"आजच," वहिनी म्हणाली. "नाहीतर सवय पुन्हा वर चढेल."

बाईंची गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत कुणी हललं नाही. मग जी आरोळी उठली ती प्रेसच्या विभागापर्यंत ऐकू गेली. साहेबांनी वहिनीपुढे हात जोडले. तिने पाहिलं तर रंगारी अजून उंबऱ्यापाशी तसाच बसलेला.

"उठा की आता."

"तूच म्हणालीस, हलू नका."

ती हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू आलं. इतके दिवस दाबून ठेवलेलं होतं सगळं. तो उठला, अंगठ्यावरचा रंग चिंधीला पुसत आवारात गेला आणि फोन लावला. काचेतून तिला त्याची पाठ दिसत होती. बोलणं फार वेळ चाललं नाही.

"काय सांगितलंत?" तो आत आल्यावर तिने विचारलं.

"म्हटलं, गाड्या उतरवायला माणूस बघा दुसरा. आमच्याकडे दारं लावायची आहेत."

संध्याकाळी दोघं घरी पोचले तेव्हा सासूबाई उंबऱ्यातच उभ्या होत्या. त्यांनी मुलाच्या तोंडाकडे बघितलं आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. "दादा, हात धू," त्यांची आतून हाक आली. या नावाने त्यांनी त्याला कितीतरी दिवसांत हाक मारली नव्हती.

वहिनीने फळीवरचा पेचकस आणला आणि स्वतःहून त्याच्या हातात दिला. तो दारापाशी बसला, बिजागरीचे स्क्रू सैल केले आणि वर बघून म्हणाला, "सरळ रेघेत लावू ना?"

"थोडं वरच लावा. हे लाकडाचं आहे, बसेल."

तिने गुडघा दाराखाली लावला आणि उचल दिली. या वेळी गुडघ्याला कुणी अडवलं नाही.